पोकळ भिंतींचं घर

ओळंबासाहेब कुठल्याही घरात शिरले की आधी भिंत वाजवायचे, मग नमस्कार करायचे. नगरपालिकेत सगळा जन्म बांधकाम तपासनीस म्हणून काढलेला माणूस. बोटाच्या पेरानं टकटक केलं की आत वीट भरीव आहे की गिलावा सुटलाय, हे त्यांना ऐकू यायचं. खिशात कायम दोरीला बांधलेला पितळी ओळंबा. भिंत त्या दोरीला सूतभर जरी सोडून गेली तरी हा माणूस सही करायचा नाही, म्हणून ठेकेदारांनी त्यांना हे नाव ठेवलं. प्रेमानं ठेवलं होतं असं काही म्हणता येणार नाही, पण साहेबांना ते पदवीसारखं वाटायचं. मुलीच्या लग्नाची बोलणी करायला गेले, तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी व्याह्यांचा दिवाणखाना वाजवून घेतला आणि खिडकीखाली ओल धरलीय असं बिनदिक्कत सांगून टाकलं. व्याह्यांचं तोंड उतरलं, विहीणबाईंनी बशी आपटली, लग्न मोडायचंच काय ते बाकी राहिलं. जावईबापू तेवढे खो खो हसले, म्हणून निभावलं.

लग्नानंतर मुलगी परदेशी गेली. एकुलती एक. दोन-तीन वर्षं तिकडे नोकरी करू आणि परत येऊ, असं जाताना म्हणाली होती. साहेबांनी ते शब्द जसेच्या तसे धरले आणि घरावर दुसरा मजला चढवला. नऊ इंची विटांच्या भिंती, वर हत्ती नाचला तरी हूं की चूं करणार नाही अशी स्लॅब. तिच्यावर पाणीसुद्धा त्यांनी स्वतः मारलं, दुसऱ्यावर भरवसा नाही. पोर परत आली की तिची सोय हवी, हे एकच पालुपद. त्या दोन-तीन वर्षांची नऊ झाली. वरचा मजला रिकामाच होता. बायको दर आठवड्याला जिना चढून तो झाडून यायची आणि त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही.

संध्याकाळी बागेतल्या बाकावर साहेबांची बैठक असायची. सगळे निवृत्त, आणि प्रत्येकाचं कुणी ना कुणी बाहेर, प्रत्येकाचा देश वेगळा. त्यामुळे बाकावर राजकारण कमी आणि घरांच्या किमती जास्त. एकाचा मुलगा अशा शहरात राहायचा की पलंगावरून पाय खाली सोडला तर तो स्वयंपाकघरात पडावा, आणि त्या खुराड्याची किंमत ऐकून सगळे कपाळाला हात लावायचे. दुसऱ्याची मुलगी वाळवंटातल्या एका काचेच्या मनोऱ्यात. घर ऐसपैस, पण खिडकी म्हणून उघडायची नाही. तिसऱ्याच्या भाच्यानं कुठल्याशा थंड देशात मातीमोल भावात आख्खा बंगला घेतला होता, पण त्या गावात बोलायला माणूस उरला नव्हता. साहेब सगळ्यांच्या चौरस मीटरचे चौरस फूट करायचे, परक्या पैशांचे आपले पैसे करायचे आणि शेवटी निकाल द्यायचे की तिथल्या एका खोलीच्या पैशात इथं आख्खा मजला होतो आणि तोही भरीव. मग बाकावरचा एखादा खट्याळ म्हातारा विचारायचा, "आणि त्या मजल्यावर राहतं कोण?" तेव्हा साहेबांना हटकून दुधाची पिशवी आणायची आठवण व्हायची.

यंदा मुलीनं तिकडे घर विकत घ्यायचं काढलं आणि बाबांनी बघायला यावं असा आग्रह धरला. बायकोचे गुडघे विमानात तासन् तास बसायला तयार नव्हते, म्हणून साहेब एकटेच निघाले. निघताना बायको म्हणाली की तिथं जाऊन पोरीच्या घरांना नावं ठेवत बसू नका. साहेब म्हणाले, नावं ठेवण्यासारखं असेल तर ठेवणारच, मी काय ठेकेदाराचा मेहुणा आहे का?

मुलगी आणि जावई भाड्यानं राहत होते ती जागा जुन्या काँक्रीटच्या इमारतीत होती. साहेबांनी भिंत वाजवली, भरीव. बाथरूममध्ये डोकावले, फरशीला छान उतार, कोपऱ्यात पाणी जायला जाळी. त्यांचा जीव भांड्यात पडला. एवढं चांगलं घर सोडून दुसरं बघायचं कशाला, असं त्यांनी पहिल्याच जेवणाला विचारलं. तेव्हा मुलीनं कपाट पुढे ओढून दाखवलं. मागची भिंत बुरशीनं काळी पडली होती. भरीव भिंत थंडीत बर्फासारखी गार पडते, घरातली वाफ तिच्यावर धरते आणि मग हे असं, ती म्हणाली. हिवाळाभर ती घरातसुद्धा लोकरी टोपी घालून बसायची आणि खोकायची. तरी घर गरम ठेवायचं बिल एवढं यायचं की जावईबापू ते उघडण्याआधी खुर्चीत बसून घ्यायचे. साहेबांनी त्यावर हवा खेळती ठेवा एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी स्वतः फडक्यानं ती बुरशी पुसायला लागले. ती रोज परत यायची.

विकायला असलेली घरं मात्र सगळी लाकडी सांगाड्याची. उभे-आडवे वासे, दोन्ही अंगांनी पांढरे बोर्ड ठोकलेले आणि मध्ये लोकरीसारखं काहीतरी भरलेलं. साहेबांनी पहिल्या घरात भिंत वाजवली आणि ती ढोलकीसारखी बोलली. त्यांना धक्काच बसला. एवढे पैसे मोजून पुठ्ठ्याचं खोकं घ्यायचं? दुसरं घर तसंच, तिसरं तसंच, चौथ्याचा तर जिनाही पोकळ वाजला. जावईबापूंनी समजावून पाहिलं की इथली हवा वेगळी, इथं असंच बांधतात आणि ती घरं शंभर वर्षं टिकतात. मुलगी म्हणाली की आपल्याकडे क्षेत्रफळ सांगताना जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खुर्चीसुद्धा त्यात मोजतात, निदान इथं मोजतात तेवढं मिळतं. साहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली, आडवी. दर वेळी मुलगी शेवटी म्हणायची की बाबांना पसंत नाही, राहू दे. जावईबापू मूग गिळून गाडी चालू करायचे.

पाचवं घर शहराच्या टोकाला होतं. मालकीणबाई बस चालवून निवृत्त झालेल्या, उंचनिंच, आवाज असा की मागच्या सीटपर्यंत पोचावा. घर त्यांच्या वडिलांनी भावांना हाताशी धरून बांधलेलं. आता त्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. किंमत पहिल्यांदाच आवाक्यातली होती. दोन दिवसांनी आणखी एक कुटुंब बघायला येणार आहे, हे त्यांनी दारातच सांगून टाकलं.

साहेबांनी भिंत वाजवली. ढब. त्यांनी मुलीकडे पाहिलं, पण मुलीचं लक्ष नव्हतं. ती स्वयंपाकघरात उभी होती. तिनं एक खण उघडला, लावला, पुन्हा उघडला. खिडकीजवळ जाऊन दोन्ही हात पसरून काहीतरी मापलं आणि नवऱ्याला हळूच म्हणाली की टेबल इथं बसेल. आधीच्या चार घरांत तिनं असं काही केलं नव्हतं. ही आता हे घर घेणार, हे साहेबांना त्या खणाच्या आवाजातच कळलं. कुणाशी न बोलता ते जिना चढून वर गेले.

वर बाथरूम होतं. आता नवी जागा ताब्यात घेताना बाथरूममध्ये पाणी ओतून उतार बघायचा, हे साहेबांच्या हाडीमासी खिळलेलं. पाणी जाळीकडे धावलं तर काम चोख, कुठं तुंबलं तर ठेकेदाराला परत बोलवायचं. हजार बाथरूमं त्यांनी अशी पास-नापास केली होती. इथं बादली दिसेना. ज्या घरात बादली नाही तिथले लोक अंघोळ कशी करतात, हा विचार बाजूला ठेवून त्यांनी कोपऱ्यातली कचऱ्याची बिनभोकांची प्लास्टिकची टोपली रिकामी केली, टबाच्या नळाखाली भरली आणि फरशीवर उपडी केली. पाणी जागच्या जागी उभं राहिलं. उतारच नाही! साहेबांना एवढा आनंद झाला की त्यांनी आणखी एक टोपली ओतली, निदान जाळी कुठं लपलीय ते तरी कळावं. पाणी भिंतीच्या कडेला गेलं, जरा घुटमळलं आणि दिसेनासं झालं. तिसरी टोपली ओतून ते वाकून बघत होते, तेवढ्यात खालून मालकीणबाईंची आरोळी आली.

त्या देशातल्या लाकडी घरांत बाथरूमच्या फरशीला जाळी नसतेच. फरशी कोरडीच राहायची असते, तिच्यावर कुणी टोपलीनं पाणी ओतेल हे तिथं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. पाणी बोर्डाच्या फटीतून उतरलं आणि स्वयंपाकघराच्या छतातून थेट ओट्यावर, मुलीनं नुकत्याच लावलेल्या खणावर टपटपायला लागलं. पांढऱ्या छताला मधोमध पोट सुटलं होतं. साहेब ओल्या मोज्यांनी खाली आले, हातात ती टोपली तशीच. मालकीणबाई काय बोलत होत्या ते त्यांना एका अक्षरानं कळत नव्हतं, आणि सगळं कळत होतं. जावईबापू आधी माफी मागत होते, मग समजावत होते आणि मध्येच, देवाशपथ, त्यांना हसू फुटत होतं. शेवटी मालकीणबाईंनी दुरुस्तीचा खर्च तुमचा असं बजावलं, छत भिजलं की लगेच उघडावं लागतं म्हणून सांगितलं आणि त्या मागच्या शेडमधून करवत आणायला गेल्या. जावईबापू शिडी आणायला त्यांच्यामागे धावले.

मागच्या दाराच्या पायरीवर साहेब मोजे पिळत बसले. मुलगी शेजारी येऊन बसली.

"बाबा, मुद्दाम केलंत का?"

साहेबांनी मोजा खाली ठेवला. जन्मात त्यांनी खोटा दाखला दिला नव्हता, आणि आता द्यायचं वयही उरलं नव्हतं.

"पाणी मुद्दाम नाही ओतलं," ते म्हणाले. "आपल्याकडे ओततात तसं ओतलं. पण ते गळतंय हे कळलं ना, तेव्हा मला बरं वाटलं."

आता पोर चिडेल, रडेल, उठून जाईल असं त्यांना वाटलं. ती उठली नाही.

"मलाही," ती म्हणाली. "एक क्षण मलाही बरं वाटलं. म्हटलं, चला, हेही घर गेलं. आता तुम्हाला सांगायला नको."

"काय सांगायला?"

"आम्ही परत येणार नाही, बाबा."

हे वाक्य तिनं पायरीकडे बघत म्हटलं. मग एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बोलून गेली. ती चार घरं काही वाईट नव्हती. साहेबांनी भिंत वाजवून नाक मुरडलं की तिला सुटल्यासारखं व्हायचं. आणखी थोडे दिवस काही बोलायला नको. नवरा दोन वर्षं सांगतोय की बाबांना स्पष्ट सांगून टाक, पण बाबांनी तो मजला बांधला, त्यावर स्वतः पाणी मारलं, आणि फोनवर रोज विचारायचे की वरच्या खोलीला रंग कुठला देऊ. तिच्यानं धीर होईना. तिची नोकरी इथं, माणसं इथं, सकाळी उठून जायचे रस्ते इथं. तिकडे गेलं की चार दिवसांनी तिला इथली आठवण यायला लागते. हे बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

साहेब ऐकत होते. त्यांना वाटलं होतं की हे ऐकलं तर आपण कोसळू. कोसळले नाहीत. त्यांनी पुन्हा मोजा पिळायला घेतला. त्यात आता पाणी नव्हतं.

"हे घर मला फार आवडलंय," ती म्हणाली. "छत उघडतायत, तर तुम्ही नीट बघा. माझे बाबा म्हणून बघू नका. नगरपालिकेतून आलात असं समजून बघा, आणि काय ते खरं सांगा. तुम्ही वाईट आहे म्हणालात तर मी दुसरं बघेन."

आत मालकीणबाईंनी चार सपाट्यांत भिजलेला बोर्ड कापून काढला होता. बस चालवायच्या त्या हातांना करवतीचीही सवय असावी. साहेब शिडीवर चढले आणि त्यांनी डोकं त्या भोकात घातलं. जावईबापूंनी खालून विजेरी दिली.

त्यांना मनातून कुजलेलं लाकूड हवं होतं. एक तरी. वाळवीची एक रेघ, सुटलेला एखादा सांधा, काहीही. एक दोष सापडला असता तर प्रामाणिकपणे नाही म्हणता आलं असतं आणि पोर आणखी एक वर्ष भाड्याच्या घरात राहिली असती, आणि वर्षभरात काय वाटेल ते होऊ शकतं. ते वासा वासा बघत गेले. वासे सरळ होते. सारख्या अंतरावर होते. दोन वाशांच्या मध्ये आडवे ठोकळे ठोकले होते, आणि जिथं कधी कुणाची नजर जाणार नव्हती तिथलेसुद्धा सांधे घासून बसवले होते. त्यांच्या पाण्यानं भिजलेला पट्टा सोडला तर लाकूड खडखडीत कोरडं होतं. भोक बाहेरच्या भिंतीपर्यंत गेलं होतं, तिथून त्यांनी तिच्यात हात घातला. आतलं भरण दाटून बसवलेलं, आणि हाताला ऊब लागली. मुलीच्या कपाटामागची ती भरीव, गार, काळी भिंत त्यांना आठवली. रोज सकाळी पुसली तरी परत यायची ती.

फार वेळ झाला. साहेबांना ठाऊक होतं की या घरात लाकूड कळणारा दुसरा माणूस नाही. "नको, यात काही अर्थ नाही," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कुणी शिडी चढून खातरजमा केली नसती. ते शब्द अगदी जिभेवर आले होते, हे त्यांनी नंतर स्वतःपाशी कबूल केलं.

ते खाली उतरले. केसांत भुसा होता.

"घर चांगलं आहे," ते म्हणाले. "फार चांगलं आहे. बांधणाऱ्यानं कुठं म्हणून चोरी केलेली नाही. घे."

मुलीनं तोंडावर हात धरला.

"इतके दिवस मी तुझ्या भिंतींना नावं ठेवली," साहेब म्हणाले. "भिंतींचा काही दोष नव्हता. तू येणार नाहीस, हे मला ऐकायचं नव्हतं."

मग ती त्यांच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली. मालकीणबाईंनी जावयाला विचारलं की म्हातारा काय म्हणाला. जावईबापूंनी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की चांगलं आहे हे सांगायला घरात पूर आणायची काय गरज होती, मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. आणि खर्च तरीही तुमचाच. एवढं बोलून त्या फरशी पुसायचं फडकं घेऊन आल्या आणि त्यांनी ते साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी निमूटपणे फरशी पुसली.

फरशी पुसून झाल्यावर त्यांनी अंगणात जाऊन बायकोला फोन लावला. ती वाटच बघत होती. घर कसं आहे, खोल्या किती, उजेड आहे का, सगळं तिनं विचारलं आणि साहेबांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली. कशालाही नावं ठेवली नाहीत. बायकोला त्याचीच काळजी वाटली असावी, कारण तिनं मध्येच तब्येत बरी आहे ना असं विचारलं.

"मग घेतेय का ती?"

"घेतेय."

"आणि इकडे यायचं कसं म्हणतेय?" बायकोनं हे फार जपून विचारलं, दुखऱ्या जागेला हात लावावा तसं.

"येईल की. दोघं येतील सुट्टीत," साहेब म्हणाले. "माहेराला."

नऊ वर्षांत हा शब्द त्यांनी त्या घराला कधी लावला नव्हता. मुलगी सासरी गेली असं त्यांनी मानलंच नव्हतं. ती कामासाठी बाहेर होती आणि परत येणार होती, एवढंच.

"वरच्या मजल्यासाठी दवाखान्यातली नर्सबाई कधीची मागे लागलीय," बायको म्हणाली. "तिला आणि तिच्या आईला जागा हवीय. तुम्हाला कसं विचारावं, म्हणून मी तिला नुसतं थांब थांब म्हणतेय. आता देऊ का?"

"दे," साहेब म्हणाले, आणि शिडी परत ठेवायला निघालेल्या जावयाच्या हातात त्यांनी फोन दिला.